प्रश्न क्रमांक चौदा

‘तुम्हाला स्वतःला एचआयव्हीचा धोका किती वाटतो?’
खाली चार चौकोन: अजिबात नाही. थोडा. बराच. सांगता येत नाही.
हळदीच्या पोत्यावर बसलेला मायाप्पा
चारी चौकोन बघून घेतो
आणि म्हणतो, ‘लगा, हे तू मला इचारतोयस?’

सांगलीच्या मार्केट यार्डात दुपारची सामसूम.
सौदे उरकलेत. छापरीत एक कुत्रं झोपलंय, तेही पिवळं.
हवेत इतकी हळद
की नुसतं शिंकलं तरी रुमाल लग्नघरचा वाटावा.

त्याची नखं पिवळी, कानामागचा घाम पिवळा,
डोळे पिवळे.
‘हळदच हाय ती. बारा वर्षं पोती उचलतोय.’
मी फॉर्मच्या कडेला, जिथं काही लिहायचं नसतं तिथं,
बारीक अक्षरात लिहितो: कावीळ?

दुसऱ्याची सुई वापरली का, हा नववा.
‘दुसऱ्याची कुणाची? शिद्रामची.
शिद्राम काय दुसरा हाय व्हय?
जतवरनं एका टेम्पोत आलो, एका ताटात जेवलो.
त्याच्या आईनं एकाच दोऱ्याचे दोन तुकडे करून
दोघांच्या दंडाला बांधलेत.
आन् मी धुतो की सुई. नळाखाली. दोनदा.’

ठाऊक आहे मला ते दोनदा.
आयर्विन पुलाच्या कमानीखाली
मीही धुवायचो, कृष्णेच्या पाण्यात,
एकदा सुईसाठी
आणि एकदा मनासाठी.

निरोधच्या प्रश्नाला तो हसतो.
‘तिकडं गेलो तर वापरतो.’
तिकडं म्हणजे कुठं, ते मी विचारत नाही.
‘कवाकवा र्‍हातंय. औषध चढल्यावर
खिसा कुठं अन् हात कुठं.
आन् घरात कशाला? लीला घरची बाई हाय.
पाकीट सापडलं तर तिला काय वाटंल?’

पाकीट सापडलं तर तिला काय वाटेल
याची भीती त्याला बराच या चौकोनाएवढी आहे.
बाकी धोका परगावचा.
ट्रकवाल्याचा, स्टँडमागच्या बाईचा,
ज्याचं नाव माहीत नाही त्या कुणाचाही.
नाव माहीत असलेल्या रक्ताला
कोण भितं?

‘तू किती म्हणाला हुतास?’ तो एकदम विचारतो.
‘तुलाबी इचारलं आसंल की कुणीतरी.’

अजिबात नाही.
सिव्हिलच्या बाकड्यावर, उसन्या पेनानं,
ठसठशीत बरोबरची खूण केली होती मी.
मग चाळीस मिनिटांनी नाव पुकारलं.
त्या खुणेची शाई तोवर वाळली होती.
आता रात्री नऊला एक गोळी.
चार वर्षं झाली, एकही चुकवली नाही.

शिद्रामबद्दल मला काही बोलता येत नाही.
तसं लिहून दिलंय, सही आहे माझी.
माझ्याबद्दल बोलता येतं.
म्हणून एवढंच म्हणतो,
‘मायाप्पा, शिद्रामच्या आधी
ती सुई माझ्याकडं असायची.’

तो बोलत नाही.
बोटांची पेरं मोजू लागतो,
पोती मोजताना मोजतो तशी, पण उलटी.
गौरी-गणपती. त्याच्या आधी बेंदूर. त्याच्या आधी
लीला माहेराहून परत आली तो आठवडा.
तिथं अंगठा थांबतो.

‘शाई न्हाई का?’ म्हणत
तोच अंगठा कागदावर दाबतो.
पिवळा ठसा थोडा आणि बराच
या दोन्ही चौकोनांवर पसरतो.
ऑफिसात कॉम्प्युटरवरच्या पूर्वाताई विचारतील,
यातला नक्की कुठला धरू?

‘सिव्हिल किती वाजता उघडतंय?’
‘नऊला.’
‘नऊला आवक आसती.’
‘मग अकराला ये.’
‘अकराला सौदं.’
कुत्रं उठतं, अंग झाडतं, पुन्हा तिथंच बसतं.
मी फॉर्म घडी घालतो, नवी सुयांची पुडी त्याच्या हातात देतो.
तो ती घेतो. उघडत नाही.

बराच वेळानं, तराजूच्या साखळीकडं बघत म्हणतो,
‘लीलाला गुरुवारी सुट्टी आसती.’